वावर की जंगल?

१३ डिसेंबर २००५ या दिवशी उटनूरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या एखाद्या एकरावर काय उभे होते, पऱ्हाटी की साग? प्रश्न साधा वाटतो, पण आदिलाबाद जिल्ह्यातल्या कितीतरी गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबांचा जमिनीवरचा हक्क त्याच्या उत्तराला बांधलेला आहे. तेलंगणात ज्याला पोडू म्हणतात आणि पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ-चंद्रपुरात जबरानजोत म्हणतात, ती वनजमिनीवरची शेती २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याच्या नावावर होऊ शकते. अट अशी, की आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा आणि मिळणारी जमीन चार हेक्टरांपलीकडे जाऊ नये. आता त्या दिवसाचा पुरावा आणायचा कुठून? ज्या जमिनीला सातबारा नाही, तेलंगणाच्या पहाणी उताऱ्यात नोंद नाही, तिच्याबद्दल कागद काही बोलत नाहीत. मग नजर आपसूक आकाशाकडे जाते. त्या वर्षी त्या डोंगरावरून उपग्रह जात होते, त्यांनी टिपलेली चित्रे सरकारी साठ्यात आहेत, आणि चित्र काही खोटे बोलत नाही, असा सर्वांचा समज आहे. या समजातले खरे किती आणि घाईने मानलेले किती, हे नीट तपासायला हवे. उपग्रहचित्र हा मोलाचा साक्षीदार आहे, यात शंका नाही. पण साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी लागते, ती ज्याच्या जमिनीचा प्रश्न आहे त्याच्यासमोर व्हावी लागते, आणि निकाल साक्षीदाराने द्यायचा नसतो.

आधी या साक्षीदाराची ओळख करून घेऊ. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला आणि पृथ्वीच्या पृष्ठभागाची नियमित नोंद सुरू झाली. भारतात या कामाची मुहूर्तमेढ त्याच्या थोडी आधी, विमानातून नव्हे तर हेलिकॉप्टरमधून रोवली गेली होती. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या बागांना मूळकुजीसारख्या रोगाने ग्रासले होते. प्रा. पी. आर. पिशरोटी यांच्या पुढाकाराने या बागांची अवरक्त फिल्मवर हवाई छायाचित्रे घेतली गेली आणि रोगट झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता आली. पुढे हैदराबादला जी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तीच आजचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह कक्षेत गेला. २००९ मध्ये भुवन हे संकेतस्थळ खुले झाले आणि ही चित्रे सामान्य माणसालाही पाहता येऊ लागली. हे उपग्रह जमिनीपासून साधारण सहाशे ते नऊशे किलोमीटर उंचीवरून, उत्तर-दक्षिण फेऱ्या मारतात. त्यांची कक्षा अशी आखलेली असते की एखाद्या ठिकाणावरून ते नेहमी जवळपास एकाच वेळी, बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. त्यामुळे आज आणि दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या चित्रांवरचे ऊन साधारण सारखेच पडलेले असते, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून काय बदलले ते पाहता येते. या तंत्राचे सारे बळ अशा तुलनेत आहे. एकट्यादुकट्या चित्रात ते बळ येत नाही, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवे.

उपग्रह पाहतो ते आपल्या डोळ्यासारखे नसते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. कॅमेऱ्यातले संवेदक हा अवरक्त प्रकाश मोजतात आणि तज्ज्ञांसाठी जे चित्र तयार होते त्यात तो लाल रंगाने दाखवतात. म्हणून आदिलाबादचे असे चित्र पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो, कारण सातमाळ्याच्या रांगांवरचे सागवान त्यात हिरवे नसून गडद लाल दिसते. आता हाच लाल रंग वर्षभर कसा बदलतो ते पाहा. नोव्हेंबरात साग पानांनी भरलेला असतो, डोंगर लालभडक दिसतो. शेजारच्या वावरात कापसाची वेचणी चालू असते, तूर मात्र हिरवीगार उभी असते, म्हणजे वावरही बऱ्यापैकी लाल. फेब्रुवारीपासून साग पाने टाकू लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगर उघडाबोडका होतो. वावरही तोवर नांगरून मोकळे झालेले असते. आता चित्रात दोन्ही तपकिरी-करडे, आणि पाहणाऱ्याला जंगल विरळ झाल्याचा भास होऊ शकतो. मृगाचा पाऊस पडला की दोन्हीकडे पालवी आणि पेरा एकदमच उगवतो, पण नेमके तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते आणि साधा कॅमेरा ढगांपलीकडे पाहू शकत नाही. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही एका तारखेचे चित्र घेतले तर वावर आणि पानगळीचे जंगल यांत घोटाळा होण्याला जागा आहे. नोव्हेंबर, जानेवारी आणि एप्रिल अशी तीन चित्रे एका ओळीत ठेवली, आणि अशी चार-पाच वर्षांची मांडणी केली, तरच पिकाची चाल आणि झाडाची चाल वेगवेगळी दिसते. पीक लवकर चढते आणि कापणीला झटकन उतरते, जंगल हळूहळू उतरते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, पण चित्र वाचणाऱ्याने ते विसरून चालत नाही.

दुसरी अडचण मापाची. उपग्रहचित्र म्हणजे ठिपक्यांची चौकट, आणि प्रत्येक ठिपका जमिनीच्या एका तुकड्याची सरासरी सांगतो. वनांच्या पाहणीसाठी आपल्याकडे दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या लिस-३ या कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटर लांब-रुंद असतो. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तो चौकोनी धरला तर त्याची बाजू चौसष्ट मीटरांच्या आसपास येते, म्हणजे त्या बाजूत असे तीन ठिपकेसुद्धा पुरते मावत नाहीत. अख्ख्या एकराला सात-साडेसात ठिपके, आणि त्यांतले बहुतेक धुऱ्यावरचे, म्हणजे अर्धे वावरातले आणि अर्धे शेजारच्या झाडीतले. आता त्या वावरात मोहाची झाडे उभी आहेत असे समजा. गोंड शेतकरी जंगल साफ करतानाही मोह तोडत नाही, कारण फुलांचे आणि टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, उत्पन्न त्याच झाडातून येते. दहा मीटर व्यासाची पर्णछत्री असलेला एक मोह साधारण ७८ चौरस मीटर झाकतो. अशी सहा झाडे एका एकरावर असली तर साडेअकरा टक्क्यांहून थोडे अधिक क्षेत्र झाडांच्या सावलीत येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टरहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्रीचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ते वनाच्छादन, मग मालकी कोणाचीही असो आणि कायद्याच्या दृष्टीने जमीन कशीही असो. १९८७ पासून दर दोन वर्षांनी निघणाऱ्या वनस्थिती अहवालासाठी ही व्याख्या उपयोगाची आहे, कारण देशभरातली झाडी एका मापाने मोजता येते. पण हाच मापदंड वनहक्काच्या दाव्याला लावला, तर एकराला सहा मोह राखून अडीच-तीन एकर कसणाऱ्या माणसाची जमीन मोजमापाच्या हिशेबाने विरळ जंगल ठरू शकते. झाड राखल्याची त्याला शिक्षा, आणि मोह मुळासकट काढणाऱ्याचे वावर मात्र चित्रात स्वच्छ दिसणार. कायद्याच्या हेतूच्या हे अगदी उलट आहे.

तिसरी अडचण सर्वांत जुनी आहे आणि उपग्रहाच्या कितीतरी आधीपासून आदिलाबादच्या वाट्याला आली आहे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात गोंडांच्या उठावाचा नेता कुमरम भीम मारला गेला, तो उठाव जमिनीचाच होता. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी मार्लवाईला राहून गोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला आणि राखीव जंगलाच्या सीमा आखताना काय झाले होते तेही नोंदवले. हलक्या जमिनी काही वर्षे पेरायच्या आणि मग विश्रांतीसाठी पडीक ठेवायच्या, ही गोंडांची जुनी रीत होती. पडीक जमिनीवर झुडपे उगवत. आखणी करणाऱ्यांनी ती झुडपे पाहिली, जमीन जंगलात घातली, आणि नांगर घेऊन परतलेला मालक अतिक्रमणदार ठरला. पाहणीच्या दिवशी जमिनीवर जे दिसले तेच तिचे कायमचे स्वरूप, असे गृहीत धरल्याचा हा परिणाम होता. आज साधन बदलले आहे, पण तीच चूक पुन्हा होऊ शकते. म्हणून तीन गोष्टी कायम वेगळ्या ठेवाव्या लागतात. जमिनीवर काय आहे, म्हणजे भूआवरण, ते उपग्रह दाखवतो. जमीन कशासाठी वापरली जाते, म्हणजे भूवापर, त्याचा काही अंदाज चित्रावरून येतो आणि बाकीचे विचारून घ्यावे लागते. जमिनीवर कोणाचा हक्क आहे, हे कुठल्याही चित्रात नसते. शेजारच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातला केरामेरी आणि महाराष्ट्रातला जिवती यांच्या सीमेवरच्या गावांवर दोन्ही राज्ये आपला दावा सांगत आली आहेत, पण आकाशातून पाहिले तर तिथे सीमा नावाची रेघच नाही. वनहक्क कायदाही ताबा विचारतो, अमुक तारखेला उभे पीक विचारत नाही. तीन वर्षे पेरून दोन वर्षे पडीक ठेवलेली जमीन ताब्यातच असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: माणसे स्वार्थापोटी खोटे सांगतील, गावातले वृद्ध एकमेकांची साक्ष देतील, उपग्रहाला मात्र कोणाचेच देणे-घेणे नाही. आक्षेपात तथ्य आहे. २००५ नंतर झाडे तोडून केलेली वावरे जुनी म्हणून दाखवण्याचा मोह होतोच, आणि असा दावा मान्य झाला तर खऱ्या दावेदारावर आणि जंगलावर, दोघांवरही अन्याय होतो. पण चित्र निःपक्षपाती असले तरी त्याचा वापर माणूसच करतो. कोणत्या तारखेचे चित्र घ्यायचे, कोणत्या कॅमेऱ्याचे, दाव्याची हद्द त्यावर किती अचूक बसवायची, आणि कोणत्या छटेला जंगल म्हणायचे, हे चारही निर्णय कोणीतरी टेबलाशी बसून घेतो. हद्द दाखवणारे हातातले जीपीएस यंत्र मोकळ्या रानातही काही मीटर चुकते, दाट झाडीखाली अधिक चुकते. कायद्याने हे ओळखले आहे. वनहक्क नियमांत पुराव्यांच्या यादीत उपग्रहचित्र आहे, पण त्याच यादीत घर, विहीर, बांध, समतल केलेली जमीन, दफनभूमी, देवस्थान आणि वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही आहे, आणि एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे सांगितले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच म्हटले, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केवळ उपग्रहचित्राच्या आधारे दावे फेटाळणे अमान्य करून फेटाळलेल्या दाव्यांचा पुन्हा विचार करायला लावला. तरीही आकाशातल्या चित्राचा धाक किती मोठा आहे, ते १३ फेब्रुवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून दिसले. फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून हटवण्याबरोबरच वन सर्वेक्षण संस्थेने उपग्रहाने पाहणी करून अतिक्रमणांची स्थिती मांडावी, असे त्यात होते. पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, न्यायालयानेच आपल्या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले गेले याची राज्यांकडे विचारणा केली. पद्धतीची ही विचारणाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे.

दुसरा आक्षेप तंत्राच्या प्रगतीचा. साडेतेवीस मीटरचे दिवस गेले, आता सेंटिनेल-२ दहा मीटरच्या ठिपक्याने दर पाच दिवसांनी चित्र देतो, ड्रोन तर धुऱ्यावरचे झुडूपही वेगळे दाखवतो, मग जुन्या त्रुटी कशाला उगाळायच्या? उत्तर सोपे आहे. वाद २००५ चा आहे, आणि भूतकाळाचे छायाचित्र आज नव्याने काढता येत नाही. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला. त्याआधीचे जे साठ्यात आहे तेवढेच आपल्या हातात आहे. लँडसॅट-७ च्या कॅमेऱ्यातला एक भाग ३१ मे २००३ रोजी निकामी झाला, त्यामुळे त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक चित्राचा पाचवा हिस्सा पट्ट्यापट्ट्यांनी गायब आहे. जे वर्ष आपल्याला हवे आहे, नेमके त्याच वर्षातली ही पोकळी. मात्र याच प्रश्नाची दुसरी बाजू आशेची आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये गेलेल्या रिसोर्ससॅट-१ वर लिस-४ हा ५.८ मीटरचा कॅमेरा होता, त्याच्या हिशेबाने एका एकराला सुमारे १२० ठिपके मिळतात. मे २००५ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-१ ची कृष्णधवल चित्रे तर अडीच मीटरची आहेत, त्यांत बांधाची रेघ आणि झोपडीचे छप्परही ओळखू येऊ शकते. म्हणजे जाड नजरेच्या चित्रावरून दावा फेटाळण्याआधी बारीक नजरेचे चित्र उपलब्ध आहे का, हे पाहणे शासनाच्या हातात आहे. उत्तम साक्षीदार घरातच असताना अंधूक दिसणाऱ्याच्या साक्षीवर निकाल देणे कुठल्याच न्यायात बसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो जंगलाच्या काळजीतून येतो. हक्क देण्यात ढिलाई केली तर जंगल शिल्लक राहील का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०१२ मध्ये घोषित झालेला कव्वाल व्याघ्र प्रकल्प आणि पैनगंगेअलीकडचे टिपेश्वर अभयारण्य यांच्यामधल्या झाडीतून वाघ ये-जा करतात, आणि ही झाडी तुटक झाली तर वाघाची वाट बंद होते. पण नेमके इथेच उपग्रहचित्रांचे खरे सामर्थ्य आहे. आज घडणारा बदल आजच पकडण्यात त्यांना तोड नाही. दर पाच-दहा दिवसांच्या चित्रांतून एखाद्या टेकडीवरची झाडी गेल्या महिन्यात होती आणि या महिन्यात नाही, हे वनरक्षक तिथे पोहोचण्याआधी कळू शकते. पावसाळ्यात ढगांनी अडवले तरी रडार आहे. रडार स्वतःच्या लहरी सोडून त्यांचा परतावा मोजते, त्याला ढग अडवत नाहीत आणि रात्रही अडवत नाही. जुलै २०२२ मध्ये पैनगंगा आणि वर्धेच्या पुराने दोन्ही काठांची शेती बुडवली, तशा वेळी पाणी कुठवर पसरले हे रडारच सांगू शकते. संथ पाणी लहरी दुसरीकडेच परावर्तित करते आणि चित्रात काळेभोर दिसते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह याच जातीचा आहे, आणि त्याच्या लांब लहरी पानांच्या छत्रीतून खालपर्यंत जातात. तेव्हा जंगल राखायचे तर २००५ चा हिशेब एकदाचा न्यायाने मिटवावा आणि त्यानंतरच्या प्रत्येक एकरावर ही तीक्ष्ण नजर ठेवावी. ज्याच्या हातात पट्टा आहे आणि ज्याच्या वावराची हद्द नकाशावर पक्की आहे, त्याला शेजारची झाडी तोडणारा नवा माणूस नको असतो. ज्याचे स्वतःचेच भवितव्य टांगणीला आहे, तो कोणाला अडवणार? ३० जून २०२३ रोजी आसिफाबादहून तेलंगण सरकारने पोडू पट्ट्यांचे वाटप सुरू केले, त्यात सुमारे दीड लाख लोकांना चार लाख एकरांहून अधिक जमीन देण्याचे ठरले होते. एवढ्या हद्दी नकाशावर पक्क्या झाल्या की पुढचे अतिक्रमण ओळखणे सोपे होते. हक्क आणि जंगल यांचे हित इथे एकाच दिशेला आहे.

शेवटचा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो: गावातल्या अडाणी माणसाला असली चित्रे काय कळणार? अनुभव याच्या उलट आहे. गुजरातेत 'आर्च' या संस्थेने गावकऱ्यांच्या बरोबर हद्दी चालून, जीपीएसने त्या टिपून, उपग्रहचित्रावर बसवल्या आणि दाव्यांच्या बाजूने पुरावा म्हणून वापरल्या. २०१३ चा निकाल याच संस्थेच्या याचिकेवरचा. जे चित्र दावा फेटाळायला वापरले जात होते, त्याच जातीचे चित्र दावा सिद्ध करायलाही उपयोगी पडले. नाला कुठे वळतो, वडाचे झाड कुठे आहे, गाडीवाट कुठून जाते, हे एकदा चित्रात सापडले की त्या जमिनीवर जन्म काढलेला माणूस बाकीचे चित्र कचेरीतल्या तज्ज्ञाहून झपाट्याने वाचतो. महाराष्ट्रातही एक चांगला धडा आहे. गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी झाला, २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व या नावाने ती योजना सुरू झाली आणि पुढे देशभर आली. तिची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. ड्रोन उडण्याआधी घरमालक आणि कर्मचारी मिळून जमिनीवर चुन्याने हद्दी आखतात, मग वरून छायाचित्र घेतले जाते, आणि नकाशा तयार झाला की तो हरकतींसाठी गावासमोर येतो. आधी माणसांनी जमिनीवर सांगायचे, मग आकाशातून टिपायचे, आणि शेवटी पुन्हा माणसांनी तपासायचे. गावठाणातल्या घराला ही रीत लागू पडते, तर डोंगरावरच्या वावराला का पडू नये?

म्हणून मागणी मोठी नाही. दावा फेटाळताना उपग्रहचित्राचा आधार घेतला असेल तर ते कोणत्या उपग्रहाचे, कोणत्या तारखेचे आणि किती मीटरच्या ठिपक्याचे, हे फेटाळणीच्या पत्रात लिहिलेले असावे आणि चित्राची प्रत दावेदाराला मिळावी. त्याला अपिलासाठी कायद्याने साठ दिवस दिले आहेत, पण कशाविरुद्ध अपील करायचे तेच ठाऊक नसेल तर त्या दिवसांचा उपयोग काय? एका तारखेच्या चित्रावर कोणाचाही दावा बुडू नये. २००० ते २००५ या काळातली, पीक उभे असतानाची आणि पानगळीनंतरची अशी निदान काही चित्रे एकत्र ठेवूनच मत बनवावे. उपलब्ध चित्रांतले सर्वांत बारीक नजरेचे चित्र वापरणे बंधनकारक असावे. मोह आणि इतर राखलेली झाडे वावराच्या विरुद्ध पुरावा म्हणून मोजली जाऊ नयेत. आणि ग्रामसभेत हे चित्र पडद्यावर किंवा कागदावर उघडून, गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, लंबाडी, जी भाषा त्या गावात चालते त्या भाषेत समजावून सांगावे, आणि मग दावेदाराला सोबत घेऊन जागेवर जावे. हैदराबादचे केंद्र आदिलाबादपासून काही दूर नाही, आपल्याकडे नागपूरलाही महाराष्ट्राचे सुदूर संवेदन केंद्र आहे, आणि दोन्ही राज्यांकडे जाणकार माणसे आहेत. यासाठी नवा उपग्रह लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या वाचकांसाठी हा दूरचा प्रश्न नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांतले वनहक्काचे दावे याच तारखेवर, याच नियमांवर आणि अशाच चित्रांवर तोलले जातात. तुमच्या गावातला एखादा दावा उपग्रहचित्राचे कारण देऊन फेटाळला गेला असेल, तर आधी त्या चित्राची तारीख विचारा, मग ठिपक्याचे माप विचारा, आणि प्रत मागून घेऊन वावराच्या धुऱ्यावर उभे राहून ती जमिनीशी ताडून पाहा. फेटाळणीची कारणे जाणून घेण्याचा हक्क वनहक्क नियमांनी तुम्हाला दिलेलाच आहे. तो वापरा.